विल्याचं गाणं कोणी म्हणायचं?

विल्या, परवा तुझी तेरवी झाली आणि तू जिंकलास. गेलं वर्षभर तुझ्यामाझ्यात जे भांडण चालू होतं, ते तू मेल्यावर जिंकलास, आणि हे काही बरोबर नाही. मी अकोल्याच्या कोर्टात रोज उभा राहतो. तिथे कुणी असं केलं असतं तर मी ताबडतोब हरकत घेतली असती, की साहेब, हा माणूस उलटतपासणीला हजर नाही, याचं म्हणणं ऐकू नका. तुझ्याविरुद्ध हरकत घ्यायला कोर्ट कुठलं?

भांडण साधं होतं. घशाच्या ऑपरेशनात तुझा आवाज गेला, त्यानंतर तुझी गाणी कोणी म्हणायची? तुझं म्हणणं, पद्यानं, म्हणजे मी. माझं म्हणणं, कोणीच नाही. आपल्या बँडमध्ये मी ड्रम वाजवतो, मोहसीन बास गिटार वाजवतो, आणि गातो तो तू. ही वाटणी आपण कॉलेजात असतानाची. ती मोडायला मी तयार नव्हतो.

फोनवर श्रद्धांजल्या फिरताहेत. 'वऱ्हाडचा रॉकस्टार', 'विदर्भाचा बुलंद आवाज' वगैरे. यातल्या निम्म्या लोकांनी तू जिवंत असताना तुला बोंबल्या म्हटलं होतं. एकानं तर तुझ्या फोटोखाली बासरीचं संगीत लावलंय. मला राग आला, मग हसू आलं, मग मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. बायको बाहेरून म्हणाली, "नळ चालू आहे का?" मी म्हटलं, हो.

तू मला पहिल्यांदा ऐकू आलास, दिसलास नंतर. अमरावतीला कॉलेजचं गॅदरिंग होतं. मी आधीच्या लावणीला ढोलकी वाजवून स्टेजच्या मागं वडापाव खात बसलो होतो. पुढे कोणीतरी इंग्रजी गाणं म्हणत होतं, आणि त्यातला एकही शब्द इंग्रजी नव्हता. प्राचार्यांनी वायर काढायला लावली. गिटार बंद पडली, माइक बंद पडला, आणि तरी आवाज सायकल स्टँडपर्यंत ऐकू येत होता. मी पावाचा तुकडा तोंडात धरून स्टेजवर आलो आणि ढोलकीवर थाप मारली. तू मागं वळून म्हणालास, "थांबू नको बे." आपली ओळख अशी झाली. पुढं तुझ्यामागं बसून मी इतकी वर्षं वाजवलं, की तुझ्या तोंडापेक्षा तुझी पाठ मला जास्त ओळखीची आहे.

मोहसीन आला आणि आपल्याला छत मिळालं. त्याच्या मामाचं अकोल्यात जिनिंग. कापूस आला की मशिनी दिवसरात्र चालणार, शेडमध्ये रुईचे ढीग, श्वास घेतला तर नाकात कापूस. हंगाम उतरला की तीच शेड रिकामी, टिनाची, भट्टीसारखी तापलेली. लोकांचा हंगाम संपला की आपला सुरू व्हायचा. रविवारी दुपारी तू धामणगावहून नाहीतर अमरावतीहून एसटीनं यायचास, मांडीवर गिटारची पेटी. कंडक्टर विचारायचा, "काय हाय भाऊ याच्यात?" तू म्हणायचास, "बायको." मंदा वहिनी घरात आल्यावर तू उत्तर बदललंस. "सवत."

बँडचं नाव शेडमध्येच सापडलं. कोपऱ्यात सरकी सांडलेली असायची. रुई काढून घेतल्यावर जे काळं, टणक बी उरतं ते. तू मूठभर हातात घेऊन म्हणालास, "हे आपण हाओत." मोहसीन म्हणाला, "ये तो ढोरं खातेत." तू म्हणालास, "अन् पेरलं त?" झालं, बँडचं नाव सरकी. गाणंही त्याच दुपारी सुरू झालं, आणि शेवटपर्यंत तेच तुझं गाणं राहिलं:

पांढरं पांढरं तुमी नेलं, काळं आमाले ठेवलं,
काळ्यातूनच उगवते बावा, तुमी कुठं हे पाह्यलं?

त्यातल्या 'उगवते'वर तू जो चढायचास! सूर सोडून ओरडणं वेगळं आणि सुरात राहून फाडणं वेगळं, हे मला तिथे कळलं. टिनाचं छत थरथरायचं. मामा ऑफिसातून ओरडायचे, "पत्रा उडाला त भरून देशील का?"

पुण्याच्या स्पर्धेचं मात्र मी अजून सोडलेलं नाही. तिथल्या परीक्षकांनी तुझं कौतुक केलं होतं. आवाज आहे, हात आहे, फक्त भाषा जरा स्वच्छ करा म्हणाले. तू माइक न सोडता म्हणालास, "कालच धुतली सायेब. तिचा रंगच तसा हाय." हॉल हसला, टाळ्या पडल्या आणि आपण घरी आलो. परतीच्या गाडीत मी तुझ्याशी भुसावळपर्यंत बोललो नाही. एक गाणं त्यांच्या भाषेत म्हटलं असतंस तर काय बिघडलं असतं? पाय आत गेला असता. मग वऱ्हाडीत काय हवं ते म्हणायचं. तू म्हणालास, "पाय आत गेल्यावर मानूस बाहेरचं बोलत नाई, पद्या." वाक्य चांगलं होतं. पण चांगली वाक्यं खरी असतातच असं नाही, हे मी धंद्यामुळे जाणतो. तू लग्नाच्या ऑर्केस्ट्रात हळदीची गाणी वाजवून घर चालवलंस, पोरांना गिटार शिकवलीस, आणि वर्षातून चार वेळा आपण हवं ते वाजवलं. तुला ते पुरलं. मला तुझ्यासाठी कमी वाटायचं. हा वाद आता असाच राहील.

आणि शंकरपट! हे आठवलं की कोर्टातसुद्धा मला हसू फुटतं. वरूडकडच्या कुठल्या तरी गावात बैलांच्या शर्यती होत्या, आणि आयोजकांनी आपल्याला ऑर्केस्ट्रा समजून बोलावलं. स्टेज बांधला तो नेमका बैल जिथून सुटतात तिथे. जोडी उभी होती, झेंडी पडायची होती, आणि तुला वाटलं आपल्यालाच सुरू करायला सांगताहेत. तू पहिला ठोक दिलास. बैल सुटले. जोडी हाकणारा धुरकरी एका पायावर लोंबकळत गेला. झेंडीवाला झेंडी हातात घेऊन उभाच. मला वाटलं आता आपल्याला मारतात. एक धिप्पाड म्हातारा फेटा सावरत आला आणि तुला म्हणाला, "माह्ये बैल जिंदगीत असे नाई पळाले. पुढच्या साली या. पन सांगून वाजवा." त्यानं आपल्याला संत्र्यांचं पोतं दिलं. अकोल्यापर्यंत आपण साली फेकत आलो.

मग खोकला आला. ऑर्केस्ट्रातल्या लांब प्रवासात तुझ्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा असायचा. मी ओरडायचो, वहिनी ओरडायच्या, तू तोंड बंद ठेवून मान डोलवायचास. त्याबद्दल आता बोलत नाही, तुला सगळं डॉक्टरनं सांगितलं. ऑपरेशन ठरलं तेव्हा मी म्हटलं, आवाज आहे तोवर सगळी गाणी नीट रेकॉर्ड करून ठेवू. तू म्हणालास, "काय बे, वाळवन घालून ठेवून राह्यला का माह्या आवाजाचं?" मला इतका राग आला की मी फोन ठेवला. म्हणून तुझं धड रेकॉर्डिंग नाही. जे आहे ते लोकांनी फोनवर काढलेलं, त्यात निम्मा आवाज शिट्ट्यांचा.

आवाज गेला, तू मात्र गप्प झाला नाहीस. दोन महिन्यांत शेडमध्ये आलास, गळ्याला रुमाल, हातात गिटार. आम्ही काही विचारलं की तू तार छेडायचास. हो म्हणायचं तर जाड तार, नाही म्हणायचं तर बारीक. मोहसीननं विचारलं, चहा? जाड. साखर? बारीक. त्याला शिव्या द्यायच्या असतील तर सगळ्या तारा एकदम. त्या दिवशी आम्ही फार हसलो. तू हसताना आवाज येत नव्हता, हे आम्ही दोघांनीही पाहिलं.

आणि त्याच दिवशी तू माइककडे बोट दाखवलंस, मग माझ्याकडे.

मी म्हटलं, "नाही." तू जाड तार वाजवलीस. मी म्हटलं, "माझा आवाज बेडकासारखा आहे." तू परत जाड तार वाजवलीस, म्हणजे ते तुला मान्य होतं, पण हट्ट कायम. त्यानंतर दर रविवारी हेच. आपण नुसतं वाजवायचो, गाण्याविना. तू माइककडे पाठ करून माझ्या ड्रमजवळ खुर्ची टाकून बसायचास. मला वाटायचं, उभं राहवत नाही तुला.

तिथून दुसरं भांडण सुरू झालं. तू गिटारचा सूर उतरवायला लागलास. एकदम नाही, थोडा थोडा. एका रविवारी जरासा, पुढल्या महिन्यात आणखी जरासा. मोहसीन बिचारा बास त्याला जुळवत राहायचा. मला चीड यायची. ज्या गाण्यानं पत्रा थरथरायचा ते गाणं चिखलातून चालल्यासारखं वाटायला लागलं. मी विचारलं, "काहून उतरवून राह्यला?" तू बोटं हलवून दाखवलीस, थकतात म्हणून. औषधांनी हात गेले असतील, असं आम्ही धरलं. सैल तारा दाबायला सोप्या. मग मी ओरडणं बंद केलं. वाटलं, आजारी माणसाशी सुरावरून काय भांडायचं.

दोन आठवड्यांपूर्वी सकाळी मोहसीनचा फोन आला. "पद्माकरभाई, आपला विल्या गेला." एवढंच. मी काळा कोट घातलेलाच होतो, तसाच गाडीत बसलो.

तेरवीला तुझ्या घरी धामणगावला सगळं रीतसर होतं. अंगणात मांडव, वरण, पोळी, आलू-वांग्याची भाजी, बुंदी. बापूकाका त्यांचं खंजिरी भजनाचं मंडळ घेऊन बसले होते. तुझे सख्खे काका, पण आयुष्यभर तुझ्या गाण्याला 'डोक्शाचा ताप' म्हणणारे. भजनं झाली. चांगली झाली. पानं मांडायची वेळ आली, आणि मंदा वहिनी आतून बाहेर आल्या. डोक्यावर पदर, हातात तुझी गिटारची पेटी.

त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "भाऊजी, भजन झालं. आता त्याइचं एक गानं झालं पायजे. नाई त मले ह्ये पान वाढवत नाई."

मी म्हटलं, "वहिनी, मी कधी गायलो नाही."

"त्याइले मालूम होतं. तरी त्याइनं तुमालेच म्हटलं."

मांडवात तुझ्या गावचे लोक, माझ्यापेक्षा वयानं मोठे, हातात द्रोण घेतलेले. मी बापूकाकांकडे पाहिलं, ते नको म्हणतील या आशेनं. खरंच त्या क्षणी मला त्यांनी नको म्हणायला हवं होतं. त्यांनी खंजिरी उलटी करून तिच्या कातड्यावर हात फिरवला, आणि म्हणाले, "कोनचा ताल हाय त्याचा? म्हना, मी धरतो. पोरगं गेलं माह्यं. आता कायचा ताप?"

मोहसीननं पेटी उघडली. तुझ्या गिटारला आजवर तू कुणाला हात लावू दिला नव्हतास. त्यानं ती मांडीवर घेतली, तारांवरून बोटं फिरवली आणि पुटपुटला, "या अल्ला, कितनी जाडी तारां लावून ठेवली यानं." मी ऐकलं, पण माझं लक्ष नव्हतं. माझं सगळं लक्ष त्या 'उगवते'वर होतं. तिथे माझा आवाज फाटणार. तुझ्या बायकोसमोर, तुझ्या पानासमोर, तुझं गाणं मी हास्यास्पद करणार. ड्रमच्या मागं बसलो असतो तर तोंड लपवता आलं असतं. इथे हातात काही नव्हतं. हात कुठं ठेवायचे ते कळेना, म्हणून मी ते पाठीमागं बांधले.

भजनी मंडळाच्या माइकवर मी सुरू केलं. पांढरं पांढरं तुमी नेलं. आवाज थरथरत होता. बापूकाकांच्या खंजिरीनं मला पुढं ढकललं. काळं आमाले ठेवलं. एक म्हातारी आजूबाजूच्यांना म्हणाली, "आपल्याच भाषेत हाय की बावा." तिला इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच शब्द कळले असावेत, कारण तुझ्या वेळी तिला फक्त गोंगाट ऐकू यायचा. आणि मग ती जागा आली. मी डोळे मिटले आणि चढलो.

आणि पोचलो. ओढाताण झाली नाही, आवाज फाटला नाही. मी तिथे जाऊन उभा राहिलो, श्वास शिल्लक होता, आणि खाली यायची घाई नव्हती. मी डोळे उघडून मोहसीनकडे पाहिलं. तो वाजवत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. माझ्या आधी त्याला कळलं होतं.

जेवताना तो माझ्या शेजारी बसला. भात कालवता कालवता त्यानं डाव्या हाताची बोटं मला दाखवली, लाल झालेली. म्हणाला, "हातात जोर नसता त त्यानं बारीक तारां लावली असती. ही तारां दाबाले मले घाम फुटला. आजारी मानूस काहून लावील?"

"मग काहून लावल्या त्यानं?"

"सूर इतका खाली आनला त बारीक तार लोळते, बोलत नाई. जाड लागते. त्याले बोटांची फिकर नोती, भाई. त्याले सूर खाली पायजे होता." मग पोळीचा तुकडा मोडत तो म्हणाला, "तुमी वाजवताना गुनगुनता. तुमाले मालूम हाय का?"

मला माहीत नव्हतं. ड्रमच्या आवाजात मला माझंच कसं ऐकू येणार? पण तू खुर्ची टाकून माझ्याजवळ बसायचास. थकून बसतोस असं मला वाटायचं, आणि तू माझा गळा ऐकत होतास. त्याला कुठं धाप लागते, कुठं तो मोकळा होतो, हे ऐकत होतास. मी दर रविवारी नाही म्हणत राहिलो, आणि तू दर महिन्याला गाणं थोडं थोडं खाली आणत राहिलास, माझा गळा पोचेल तिथवर. तुझी बोटं त्या जाड तारांवर सोलून निघत असतील. आणि मी तुला ओरडत होतो, की तू गाण्याची वाट लावून राहिलास म्हणून.

तू मला हे सांगितलं नाहीस, कारण सांगितलं असतंस तर मी त्यावरही वाद घातला असता. इतकं तू मला ओळखत होतास. एवढं माझं कोणी कधी केलेलं नाही, विल्या. मला तुझे पाय धरायचे आहेत आणि तुझी कॉलरही.

येत्या रविवारी शेड रिकामी आहे. मोहसीननं मामांना सांगून ठेवलंय, आणि तुझी गिटार वहिनींनी त्याच्याकडे दिली आहे, तारा तशाच ठेवायच्या या अटीवर. मी गाईन. चांगलं गाईन असं नाही, पण पोचेन, तेवढी सोय तू करून गेला आहेस.

फक्त एक गोष्ट ऐकून घे, कारण ती मी तुझ्यासमोर एकदाही बोललो नाही. मी नाही म्हणायचो, त्याला कारण माझा बेडकाचा आवाज नव्हता. मी गायला उभा राहिलो असतो तर तुझा आवाज गेला हे खरं झालं असतं. मला ते गाणं म्हणायचं नव्हतं, विल्या. मला ते तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.